रडू येईल इतकं एकटं : हँक विल्यम्सच्या एका गाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली कित्येक वर्षं मी हे गाणं माणसांना ऐकवते आहे. कुणाचं नातं तुटलेलं असतं, कुणी नुसतंच गाण्यांचं वेडं असतं. गाणं १९४९ सालचं, अमेरिकेतलं, इंग्रजीतलं. तरी ऐकून झालं की समोरचा थोडा वेळ गप्प बसतो आणि मग काहीतरी विचारतो. प्रश्न बहुतेक तेच ते असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

गाणं कोणतं आणि कुणाचं?

‘आय अ‍ॅम सो लोन्सम आय कुड क्राय’. लिहिलं आणि गायलं हँक विल्यम्स यांनी. १७ सप्टेंबर १९२३ रोजी अलाबामा राज्यातल्या माउंट ऑलिव्ह या लहानशा वस्तीत त्यांचा जन्म झाला. हे गाणं ध्वनिमुद्रित झालं ३० ऑगस्ट १९४९ रोजी, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात, हर्झॉग स्टुडिओत. तेव्हा हँक पंचविशीत होते. बाजारात ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एमजीएम कंपनीच्या तबकडीवर आलं. लांबी पावणेतीन मिनिटांच्या आसपास.

गाण्यात आहे तरी काय?

चार कडवी, प्रत्येकात चार ओळी. वेगळं ध्रुवपद नाही. गोष्ट नाही, भांडण नाही, आरोप नाही. एक माणूस रात्री जागा आहे आणि कानाडोळ्यांना जे जाणवतंय ते सांगतोय, इतकंच.

पहिल्या कडव्यात व्हिपरविल नावाचं एक रातपाखरू ओरडतंय. त्याचा आवाज ऐकून असं वाटतं की याच्यात उडण्याचंही बळ उरलेलं नाही. लांबून मध्यरात्रीची आगगाडी कण्हत जाते. दुसऱ्यात रात्र संपत नाही, वेळ सरपटत पुढे जातो आणि चंद्र ढगाआड निघून जातो, तोंड लपवून रडायला. तिसऱ्यात पानगळ सुरू झाल्यावर रडणारा रॉबिन पक्षी आहे. त्याची जगण्याची इच्छाच संपली आहे. चौथ्यात तारा तुटतो.

आता हे जरा जवळून बघा. या गाण्यात चंद्र रडतो. पक्षी रडतो. गाडीसुद्धा कण्हते. गाणारा मात्र रडत नाही. तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणतो की मी इतका एकटा आहे की रडू येईल. येईल! आलेलं नाही. पापणीच्या आतच थांबलेलं ते पाणी शेवटच्या सुरापर्यंत तिथेच राहतं. आपण गाणं ऐकतो तेव्हा सुटका व्हावी म्हणून वाट बघत असतो, आणि ती सुटका हँक देत नाहीत. माझ्या मते गाण्याचा सगळा जोर या एका गोष्टीत आहे. हुंदका देऊन गायलेली गाणी खूप आहेत. हुंदका धरून ठेवलेलं असं गाणं मला दुसरं सापडलेलं नाही.

दुसरी जागा चौथ्या कडव्याची. तारा तुटतो तेव्हा आकाश उजळतं, हे कुणीही लिहील. हँकनी लिहिलं आहे की त्या पडत्या ताऱ्याची शांतता जांभळं आकाश उजळून टाकते. उजेड शांततेचा आहे. एवढी मोठी गोष्ट आकाशात घडते आणि त्याचा जराही आवाज होत नाही. रात्री एकट्यानं तुटता तारा पाहिला असेल तर हे लगेच पटतं. पहिली ऊर्मी येते ती ‘अगं, पाहिलास का?’ म्हणायची, आणि शेजारी कुणी नसतं.

हे ब्रेकअपचं गाणं म्हणता, पण त्यात ब्रेकअप कुठे आहे?

अगदी बरोबर प्रश्न. पहिली तीन कडवी ऐकताना कुणी सोडून गेलंय याचा पत्ताच लागत नाही. त्या माणसासाठीचा ‘तू’ शेवटच्या कडव्यात, शेवटून दुसऱ्या ओळीत येतो, आणि तोही फक्त या विचारापुरता की तू आत्ता कुठे असशील. बस. नाव नाही, रंगरूप नाही, कुणाची चूक होती ते नाही.

पण तो एक ‘तू’ आला की मागचं सगळं बदलतं. पाखरू, गाडी, चंद्र, रॉबिन ही निसर्गवर्णनं होती असं आपल्याला वाटत असतं. मग कळतं की हा माणूस इतका वेळ दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलत होता, कारण त्या एका माणसाबद्दल बोलायला त्याला तोंड फुटत नव्हतं. आपणही असंच करतो. ‘कशी आहेस?’ विचारलं की पावसाबद्दल सांगतो, लोकलच्या गर्दीबद्दल सांगतो, आणि फोन ठेवता ठेवता म्हणतो, ‘तो भेटला होता का गं तुला कुठे?’

गाणं लिहिलं तेव्हा हँक खरोखर एकटे पडले होते का?

हिशेबानं पाहिलं तर नाही. पत्नी ऑड्री यांच्याशी त्यांचं लग्न १९४४ सालचं. संसार वादळी होता. १९४८ मध्ये घटस्फोट झाला, पण दोघं पुन्हा एकत्र आले. २६ मे १९४९ रोजी त्यांना मुलगा झाला, तोच पुढे हँक विल्यम्स ज्युनिअर म्हणून गाजला. ऑगस्टमध्ये कोर्टातून तो घटस्फोट रद्दही करून घेतला. म्हणजे हे गाणं रेकॉर्ड करायला हँक सिनसिनाटीला गेले तेव्हा घरी तीन महिन्यांचं बाळ होतं आणि मोडलेलं लग्न कागदोपत्री पुन्हा जुळलं होतं.

नाव आणि पैसाही त्याच वर्षी आला. त्यांचं ‘लव्हसिक ब्लूज’ १९४९ मध्ये १६ आठवडे देशातल्या कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या वळणाच्या संगीताच्या, लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. ११ जून १९४९ रोजी ते नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात पहिल्यांदा गायले. कंट्री गायकासाठी त्याहून मोठं व्यासपीठ नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात, सगळं मनासारखं होत असताना, त्यांनी हे गाणं केलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसले होते. माणूस सोडून गेल्यावरच एकटेपण येतं असं नाही. एका छपराखाली राहूनही ते येतं, आणि हँक-ऑड्रीच्या बाबतीत ते बहुधा आधी आलं आणि वेगळं होणं नंतर. कायमचा घटस्फोट झाला १९५२ मध्ये.

शीर्षकाची हकिकत अशी सांगतात की एमजीएमच्या येणाऱ्या तबकड्यांच्या यादीत त्यांना दुसऱ्याच एका गाण्याचं नाव दिसलं आणि त्यावरून हे सुचलं. मुळात ते गाण्यासाठी नव्हे तर नुसतं बोलून म्हणण्यासाठी लिहिलं होतं, असंही सांगितलं जातं. त्यात तथ्य वाटतं, कारण हँक पुढे ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या टोपणनावानं अशी बोलगाणी खरोखरच रेकॉर्ड करत असत.

‘लोन्सम’ला मराठीत काय म्हणायचं?

मला सर्वांत जास्त आवडणारा प्रश्न. ‘एकटा’ म्हणून भागत नाही, कारण एकटा माणूस मजेतही असतो. ‘एकाकी’ जवळचा आहे, पण तो पुस्तकातला शब्द आहे आणि हँकचं इंग्रजी तर पार बोलीतलं, गावाकडचं आहे. शिवाय ‘लोन्सम’ माणसाला लागतं तसं वस्तूलाही लागतं. गाडीची शिटी लोन्सम असते, रस्ता लोन्सम असतो. आपल्याकडे ‘भकास’ आणि ‘सुनं’ हे शब्द घराला, रस्त्याला, दुपारला लागतात.

पण मला विचाराल तर मराठीत त्याच्या सर्वांत जवळ एक क्रियापद आहे: करमेना. ‘तो गेल्यापासून घरात करमत नाही.’ यात दुःख आहे पण त्याचा उच्चार नाही. तक्रार नाही. काही केल्या जीव लागत नाही एवढंच आहे. माझ्या आजोळी आजोबा गेल्यावर आजीनं पुढची आठ वर्षं याहून मोठा शब्द वापरला नाही. ‘करमत नाही गं’ म्हणायची आणि तांदूळ निवडायला घ्यायची.

व्हिपरविल म्हणजे कोणता पक्षी? आणि रॉबिन म्हणजे आपला दयाळ का?

व्हिपरविल हा पूर्व अमेरिकेतला रातपक्षी. त्याच्या ओरडण्यावरूनच त्याला नाव मिळालं आहे: व्हिप-पुअर-विल, शेवटच्या अक्षरावर जोर. उन्हाळ्याच्या रात्री तो न थांबता शेकडो वेळा तेच ओरडतो. दिसत जवळपास नाहीच, वाळक्या पानांच्या रंगात मिसळून जातो. तिकडच्या खेड्यांत त्याचं ओरडणं अशुभ मानायची जुनी समजूत आहे.

आपल्याकडे त्याचा भाऊबंद आहे, रातवा. त्याच कुळातला. महाराष्ट्रातल्या माळरानांवर, कच्च्या रस्त्यांच्या कडेला संध्याकाळनंतर तो भेटतो. गाडीच्या दिव्याच्या झोतात जमिनीलगत दोन तांबडे डोळे चमकतात आणि जवळ गेलं की काहीतरी आवाज न करता उडून जातं, तो रातवा. त्याचा आवाज मात्र वेगळा: चक्-चक्-चक्, मग लय वाढत जाते, टेबलावर टाकलेला पिंगपाँगचा चेंडू उसळत उसळत थांबावा तसा. तेव्हा गाण्यातला भाव जाणून घ्यायचा असेल तर रातव्याची शांत माळरानावरची रात्र आठवा, आवाज मात्र व्हिपरविलचाच शोधून ऐका.

रॉबिनबद्दल: नाही, दयाळ नाही. आपला चिरकही नाही. अमेरिकेतला रॉबिन हा आकारानं मोठा, विटकरी छातीचा पक्षी आहे आणि नात्यानं तो आपल्या कस्तुरांच्या जवळचा. त्या देशात रॉबिन दिसला की वसंत आला असं समजतात. म्हणजे तो आनंदाची बातमी आणणारा पक्षी. म्हणून तोच पानगळीत रडताना दाखवला की तिकडच्या माणसाला चटका बसतो.

मध्यरात्रीची गाडीच का?

कंट्री संगीतात आगगाडी जागोजागी आहे, आणि त्याचं साधं कारण म्हणजे खेड्यातून बाहेर नेणारी वाट तीच होती. या संगीताचे आद्य गायक जिमी रॉजर्स स्वतः रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारे कामगार होते. मात्र हँकच्या बाबतीत गोष्ट आणखी घरची आहे. त्यांचे वडील लोन विल्यम्स एका लाकूड कंपनीत ओंडके वाहणाऱ्या गाड्यांचे इंजिनचालक होते. हँक सहा-सात वर्षांचे असताना वडील आजारपणामुळे माजी सैनिकांच्या इस्पितळात दाखल झाले आणि मुलाच्या उरलेल्या बालपणात ते जवळजवळ नव्हतेच. आई लिली यांनी खाणावळीवजा भाड्याच्या खोल्या चालवून पोरं वाढवली. गाडीची शिटी आणि निघून गेलेलं माणूस या दोन गोष्टी त्या मुलाच्या मनात एकत्र बांधल्या गेल्या असतील, तर नवल नाही.

मी स्वतः एके काळी खडकीला रुळांजवळच्या एका खोलीत राहत होते. रात्री अडीचच्या सुमारास मालगाडी जायची. डबे मोजायची सवय लागली होती. नातं तुटल्याला महिना झाला होता आणि त्याची एक काडी मोडलेली छत्री दाराच्या मागच्या खिळ्याला तशीच लटकत होती. गाडी गेली की खिडकीची काच थरथरायची, आणि त्याबरोबर ती छत्री दारावर हळूच टकटक करायची. पहिल्यांदा हे गाणं ऐकलं ते त्या खोलीत. कण्हत जाणाऱ्या गाडीची ओळ आली तेव्हा मला शब्दकोश लागला नाही.

ते माणसासारखं कळवळणारं वाद्य कोणतं?

स्टील गिटार. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात. डाव्या हातात धातूची सळई धरून तारांवरून सरकवतात, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. आपण जिला मींड म्हणतो तीच. म्हणूनच हे वाद्य आपल्या कानांना परकं वाटत नाही.

मूळ हवाई बेटांचं. तिथून अमेरिकाभर पसरलं आणि आपल्याकडेही आलं. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या धून ‘हवाईयन गिटार’वर वाजवणारे व्हॅन शिपली आणि हजारा सिंग ज्यांनी ऐकले आहेत, त्यांनी हाच आवाज ऐकला आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी तर त्यावर राग उभे केले.

या गाण्यात ते वाजवलं आहे जेरी बर्ड यांनी. हवाईच्या संगीतावर त्यांचं इतकं प्रेम होतं की पुढे ते कायमचे हवाईलाच राहायला गेले. इथे त्यांनी फार थोडं वाजवलं आहे, आणि तेच मोठेपण. हँकची ओळ संपते, मग स्टील गिटार एखाद-दुसरा सूर लांबवते आणि गप्प होते. रात्रभर शेजारी बसलेला मित्र अधूनमधून नुसता ‘हं’ म्हणतो, तसं. झीक टर्नर यांची गिटार खालच्या जाड तारांवर तीच ती छोटी चाल फिरवत राहते, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) टॉमी जॅक्सन यांचं, ठेक्याची गिटार लुई इनिस यांची, बास अर्नी न्यूटन यांचा. ड्रम नाहीत.

इतकं दुःखाचं गाणं, मग ते झुलल्यासारखं का वाटतं?

कारण ताल वॉल्ट्झचा आहे, तीन मात्रांचा. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. दादऱ्याच्या सहा मात्रांत हात टाकून बघा, सहज बसतो. वॉल्ट्झ हा जोडीनं नाचायचा ताल. एकटा माणूस जोडीच्या तालात गातोय, हे लक्षात आलं की गाणं आणखी आत उतरतं. शिवाय या लयीत अंगाईचा झोका आहे. माणूस स्वतःलाच थोपटत असतो.

हे गाणं तेव्हा गाजलं का?

सुरुवातीला फारसं नाही. ते तबकडीच्या मागच्या बाजूला होतं. पुढच्या बाजूला ‘माय बकेट्स गॉट अ होल इन इट’ हे उडतं गाणं. ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे पैसे घेऊन गाणं वाजवणाऱ्या यंत्रात, नाणं टाकणाऱ्या बारमधल्या गिऱ्हाइकांना नाचरं हवं असे, आणि कंपनीनं तोच हिशेब केला. पुढच्या बाजूचं ते गाणं कंट्री यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोलीत, त्याच वादकांबरोबर रेकॉर्ड झालेली.

लोकप्रियतेच्या यादीत हे गाणं खऱ्या अर्थानं चढलं ते १९६६ मध्ये, बी. जे. थॉमस यांच्या आवाजात. तेव्हा ते अमेरिकेच्या मुख्य यादीत आठव्या क्रमांकावर पोहोचलं. हँकना जाऊन तेव्हा १३ वर्षं झाली होती.

आणखी कुणी गायलंय?

यादी फार लांब आहे. मी फक्त मला महत्त्वाची वाटणारी सांगते.

एल्व्हिस प्रेस्ली यांनी १४ जानेवारी १९७३ रोजी होनोलुलूहून उपग्रहाद्वारे प्रक्षेपित झालेल्या मैफलीत हे गायलं. सुरू करण्याआधी ते म्हणाले की मी आजवर ऐकलेलं हे बहुधा सर्वांत दुःखी गाणं आहे. झगमगता पांढरा पोशाख, समोर हजारो माणसं, आणि तो माणूस अचानक आवाज खाली आणतो.

त्याच वर्षी अल ग्रीन यांनी ‘कॉल मी’ या अल्बममध्ये ते सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या वळणानं गायलं. हँकना गिटार शिकवणारे रूफस पेन हे रस्त्यावर गाणारे कृष्णवर्णीय कलावंत होते, लोक त्यांना ‘टी-टॉट’ म्हणत. हँक आपल्या शिक्षणाचं श्रेय त्यांनाच देत. म्हणून अल ग्रीनच्या गळ्यातून हे गाणं ऐकताना ते आपल्या एका माहेरी परत गेल्यासारखं वाटतं.

काउबॉय जंकीज या कॅनडाच्या गटानं १९८७ मध्ये टोरंटोच्या एका चर्चमध्ये एकाच मायक्रोफोनभोवती बसून अल्बम केला, तो १९८८ मध्ये आला. त्यात हे गाणं जवळजवळ कुजबुजल्यासारखं आहे. जॉनी कॅश यांनी २००२ मध्ये, अगदी उतारवयात, निक केव्ह यांच्यासोबत गायलं. कॅश यांचा थकलेला आवाज ऐकवत नाही, तरी ऐकावा.

इतकं सगळं ऐकूनही मी दर वेळी मूळ हँककडेच परत येते. इतर गायक हे गाणं ‘सादर’ करतात. हँक तुमच्याकडे न बघता गातात.

नातं नुकतंच तुटलंय. आत्ता हे ऐकावं का?

मनापासून सांगते: ऐका, पण रात्री दोन वाजता एकट्यानं वीस वेळा लावून नको.

माझा अनुभव असा की त्या दिवसांत आनंदी गाणी टोचतात आणि ‘विसरून जा’ म्हणणारी माणसं नकोशी होतात. हे गाणं काहीच सांगत नाही. उपदेश नाही, ‘सगळं ठीक होईल’ नाही. ते नुसतं तुमच्या शेजारी बसतं. मला त्याचा आधार झाला. ते ऐकायला लागल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मी उठून ती छत्री खिळ्यावरून काढली आणि कोपऱ्यावरच्या चांभाराकडे दुरुस्तीला दिली. पुढचे दोन पावसाळे वापरली.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तिसऱ्या कडव्यातला पक्षी जगण्याची इच्छा गमावून बसलाय. ती ओळ ऐकून ‘हे माझंच आहे’ असं वाटत असेल, झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर गाणं पुरेसं नाही. कुणालातरी सांगा. बहिणीला, मित्राला, डॉक्टरांना. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. हँकच्या आयुष्याकडे पाहिल्यावर मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हँकचं पुढे काय झालं?

त्यांच्या पाठीच्या कण्यात जन्मतःच दोष होता. आयुष्यभर दुखणं, त्यावर दारू, वेदनाशामकं, गुंगीची औषधं. १९५१ च्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली, फारसा उपयोग झाला नाही. ऑगस्ट १९५२ मध्ये दारूमुळे ऑप्रीनं त्यांना काढून टाकलं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी बिली जीन यांच्याशी लग्न केलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला कार्यक्रम होता, तो खराब हवामानामुळे हुकला. दुसऱ्या दिवशी ओहायोतल्या कँटनला गायचं होतं. एक तरुण ड्रायव्हर त्यांना कॅडिलॅकमधून घेऊन निघाला. १ जानेवारी १९५३ रोजी ओक हिल गावात गाडी थांबवली तेव्हा मागच्या सीटवर हँक गेलेले होते. वय २९.

ज्यानं न संपणाऱ्या रात्रीवर लिहिलं त्याची शेवटची रात्र अशी गेली, अंधाऱ्या रस्त्यावर, पुढच्या सीटवरच्या माणसालाही न कळता. १९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या पहिल्या तीन मानकऱ्यांत त्यांचं नाव होतं. २०१० मध्ये पुलित्झर मंडळानं त्यांना मरणोत्तर विशेष सन्मान दिला.

इंटरनेटवर बरीच रेकॉर्डिंग दिसतात. मूळ कोणतं ते कसं ओळखायचं?

ड्रम किंवा व्हायोलिनांचा ताफा ऐकू आला तर ते मूळ नाही. हँक गेल्यानंतर कंपनीनं त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगांवर नवी वाद्यं चढवून अल्बम काढले होते. १९४९ चं मूळ मोनो आहे, जरा खरखरीत, आणि त्यात वाद्यांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा आहे. ती मोकळी जागा हाच गाण्याचा अर्धा जीव आहे. शक्य असेल तर हेडफोननं ऐका.

गिटार शिकतेय. हे वाजवता येईल?

नक्की. ई, ई सेव्हन, ए आणि बी सेव्हन, एवढ्या कॉर्डमध्ये होतं. बी सेव्हनला सुरुवातीला बोटं अडखळतात. तसं झालं तर जी, जी सेव्हन, सी आणि डी सेव्हनमध्ये वाजवा. अंगठ्यानं जाड तार, मग बाकीच्या तारांवर हलकेच दोनदा. घाई अजिबात नको. आणि गाताना रडका आवाज काढू नका. सरळ गा. आवाज मोडायचा तिथे आपोआप मोडेल.

हे आवडलं. पुढे काय ऐकू?

आधी ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’. १९५१ मध्ये टोनी बेनेट यांच्या आवाजात ते पॉप यादीतही पहिलं आलं, आणि पंडित रविशंकरांची मुलगी नोरा जोन्स हिनं आपल्या पहिल्या अल्बममध्ये ते घेतलं आहे, तेही ऐका. मग ‘युअर चीटिन हार्ट’. हे त्यांच्या अगदी शेवटच्या ध्वनिमुद्रणातलं, सप्टेंबर १९५२ चं. त्यानंतर ल्यूक द ड्रिफ्टर नावानं केलेली बोलगाणी. आणि मन हलकं करायचं असेल तर ‘जांबालाया’. ते सुरू झालं की घरातलं लहान मूलही नाचायला लागतं.